पहिल्या रकान्यातला अंगठा

मित्रांनो, जरा डोळे मिटा. अशी कल्पना करा की तुम्ही तळहाताएवढी पत्र्याची डबी झाला आहात. वर बिजागरीचे झाकण आहे. झाकण लागले की आत काळोख, शाईचा उग्र वास आणि नुसती वाट पाहणे. झाकण उघडले की उजेड येतो आणि उजेडाबरोबर कुणाचे तरी बोटही येते. ते तुमच्या अंगावर दाबले जाते. त्या बोटाने काय काय काम केले आहे, ते तुम्हाला एका क्षणात कळते. पण ते कुणाला सांगायला तुम्हाला तोंड नाही. जमली कल्पना? मग आता डोळे उघडा आणि माझे ऐका.

मी एक जुना शाईचा पॅड आहे. माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एका यंत्राने पत्र्याला दाबून माझी डबी केली, एका बाईने तिच्यात जाड लोकरी गादी बसवली आणि दुसरीने त्या गादीवर पातळ कापड ताणून चिकटवले. मग माझ्यावर जांभळी शाई ओतली गेली. पहिल्यांदा शाई प्यालो तेव्हा मला वाटले, आपण आता जगातल्या सगळ्या कागदांवर उमटणार. लहानपणी सगळ्यांनाच असे काहीतरी वाटत असते.

माझी पहिली नोकरी एका नोंदणी कचेरीत होती. खिडकीपाशी एक कारकून बसत असे आणि त्याच्या कोपराजवळ मी. ज्यांना सही करता येत नसे ते लोक माझ्यावर अंगठा टेकवत. चौदा वर्षे मी अंगठेच पाहिले. शिवणकाम करणारीच्या बोटाला सुईची बारीक भोके असत. भांडी घासणारीचे बोट पाण्याने फुगलेले असे. बागेत काम करणाऱ्याच्या बोटाच्या रेघांत माती इतकी मुरलेली असे की ती धुऊनही निघत नसे.

एकदा एक म्हातारा गवंडी आला. कारकुनाने त्याचा अंगठा माझ्यावर दाबला, कागदावर टेकवला, पण कागदावर रेघ म्हणून उठेना. नुसता जांभळा डाग. दोनदा केले, तीनदा केले. कारकून वैतागून म्हणाला, "पॅड वाळलाय वाटतं."

म्हातारा हसला. "पॅड चांगला आहे, साहेब," तो म्हणाला. "माझाच अंगठा विटांनी खाल्लाय."

हे वाक्य मी जपून ठेवले. माझ्या बाजूने कुणी बोलावे, असा तो पहिलाच प्रसंग होता. आणि मला एक गोष्टही समजली. जो ठसा उमटत नाही, तोसुद्धा काहीतरी सांगत असतो.

पुढे कचेरीत काचेचे यंत्र आले. त्यावर बोट ठेवले की हिरवा दिवा लागे. कारकुनाने मला खणात टाकले. खणात दोन वर्षे काढली. एक दिवस दातांची डॉक्टरकी शिकवणाऱ्या कॉलेजातला एक शिपाई दाखल्यासाठी आला होता. खण आवरणे चालू होते. त्याने मला उचलले, हलवून पाहिले आणि विचारले, "हा टाकताय का? मग मी नेतो." तेवढ्यात मी त्याच्या हातून फरशीवर पडलो. माझी बिजागरी वाकली आणि तेव्हापासून माझे झाकण नीट लागत नाही. फट राहते. पण त्या फटीमुळेच मला पुढचे सगळे दिसले, म्हणून त्या पडण्याबद्दल माझी तक्रार नाही.

कॉलेजात त्या शिपायाला सगळे मामा म्हणत. मामांनी मला ताजी शाई पाजली आणि रुग्णांच्या कागदांवर 'तपासले' असा शिक्का मारायच्या कामाला लावले. तिथे एका मोठ्या खोलीत ओळीने वीस खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीला वर वाकवता येणारा दिवा आणि शेजारी चूळ टाकायचे छोटे भांडे. दिवसभर यंत्रांची सूं सूं चाले. त्या खोलीत कुणीही शांत बसत नसे. रुग्ण पाय हलवत, विद्यार्थी घड्याळ बघत, आणि मीही शिक्क्याखाली धडधडत असे.

त्या सगळ्या गडबडीत सर्वांत जास्त घाईची होती ती शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी. तिच्या मैत्रिणींनी तिचे नावच 'लगबग' ठेवले होते. ती चालताना एक बाही घालत असे आणि धावताना दुसरी. तिला एक पाहणी करायची होती. मित्रांनो, तुमच्या बोटांच्या टोकांवर ज्या बारीक रेघा आहेत, त्यांचे तीन मुख्य प्रकार असतात. काही गोल फिरतात, त्यांना चक्र म्हणू. काही एका बाजूने आत येऊन तिकडेच परत वळतात, तो शंख. आणि काही नुसत्या उंचवट्यासारख्या जातात, ती कमान. बाळ आईच्या पोटात असताना या रेघा घडतात. ओठ, टाळू आणि दातांचे कोंबही साधारण त्याच महिन्यांत घडत असतात. म्हणून अभ्यास करणाऱ्यांना वाटले की एकाकडे पाहून दुसऱ्याबद्दल काही सुगावा लागतो का, ते पाहावे. तो अभ्यास अजून चालू आहे आणि खात्रीने सांगण्यासारखे त्यात अजून थोडेच आहे. लगबगला मात्र एवढेच शोधायचे होते की आपल्या कॉलेजातल्या मुलांना याची कितपत माहिती आहे.

तिने प्रश्नांचे कागद वाटले. पहिला प्रश्न होता, 'बोटांच्या ठशांचा निदानासाठी उपयोग होतो, हे तुम्हाला माहीत आहे का?' एकशेवीस मुलांपैकी सत्त्याण्णव जणांनी 'हो'वर खूण केली. दुसरा प्रश्न होता, 'मग ठशांत काय पाहतात?' तिथे बहुतेकांनी जागा कोरी ठेवली. एकाने लिहिले, 'चोर.' एका मुलीने तर हातच पुढे केला आणि म्हणाली, "आधी माझं लग्न कधी होईल ते बघ, मग लिहिते." लगबग हसली. तिने स्वतःचाही एक कागद भरला होता. पहिल्या प्रश्नापुढे 'हो'ची ठसठशीत खूण होती. दुसऱ्यापुढे तिने 'चक्र, शंख, कमान' लिहिले आणि आपले काम चोख झाले असे समजून कागद गठ्ठ्यात सरकवला.

पाहणीच्या दुसऱ्या भागात तिला चाळीस लहान रुग्णांच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे होते. त्यासाठी तिने मामांकडून मला मागून घेतले. कितीतरी वर्षांनी माझ्यावर पुन्हा बोटे टेकणार होती. मी इतका आनंदलो की सांगता सोय नाही.

कागदावर दहा रकाने होते. पहिला रकाना उजव्या अंगठ्याचा. एकही रकाना रिकामा राहिला तर तो कागद बाद, असे ठरलेले होते. एकोणचाळीस कागद भरले. चाळिसावा भरायचा होता त्या दिवशी दुपारी चार वाजता गठ्ठा विभागाच्या मोठ्या मॅडमकडे द्यायचा होता, आणि साडेतीन वाजले होते.

तेव्हा भिंगरी आली.

भिंगरी हे तिच्या आईने ठेवलेले नाव. मुलगी नऊ वर्षांची होती आणि उभी असली तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर फिरत असे. तिचे वरचे पुढचे दात बाहेर आले होते. ओठ मिटले तरी ते दिसत. दातांच्या वरच्या आणि खालच्या ओळींमध्ये पुढे एवढी फट होती की तिला पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नसे. गेल्या वर्षी तिला काढता-घालता येणारी तारेची पट्टी दिली होती. दात आत गेले आणि सहा महिन्यांत पुन्हा बाहेर आले. आता पक्की तार बसवायचे चालले होते. आई कामावरून अर्धी रजा काढून, दोन बस बदलून तिला आणत असे. आई लगबगला सांगत होती, "पट्टी काढून ठेवत असणार ही. मी घरी नसते ना दिवसभर. या वेळी तरी टिकू दे, ताई. शाळेत मुलं तिला सशी म्हणतात. ही घरी येऊन आरशाला पाठ करून बसते."

भिंगरीने उजव्या हाताची मूठ मिटली होती आणि अंगठा मुठीच्या आत होता.

अंगठा चोखते का, असेही लगबगने कागदावर बघून विचारले. आईने मान हलवली. "छे, ते कधीच सुटलं. पहिलीत असताना." लगबगने 'नाही' लिहिले. आई बाहेर बाकावर जाऊन बसली.

लगबगने भिंगरीला हात धुवायला लावले आणि एकेक बोट माझ्यावर टेकवायला सुरुवात केली. नऊ बोटे माझ्याशी गप्पा मारून गेली. एकाच्या नखाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचे काळे होते, एकावर डिंक वाळला होता, डाव्या अंगठ्यावर टोकयंत्राने लागलेली बारीक खूण होती. मग लगबगने मुठीतून उजवा अंगठा सोडवला आणि माझ्यावर दाबला.

मित्रांनो, मी दचकलो. तो अंगठा इतर नऊ बोटांच्या घरातला वाटतच नव्हता. तो कमालीचा स्वच्छ होता. नख आखूड आणि पांढरे. कातडी पांढुरकी, मऊ, फुगलेली आणि पेराजवळ एक लहानसा घट्टा. असा अंगठा मी कचेरीत पाहिला होता. भांडी घासणारीचा. पण या मुलीची बाकीची नऊ बोटे तर कोरडी होती. मग हा एकटाच अंगठा तासन् तास कुठल्या पाण्यात राहतो?

कागदाच्या कोपऱ्यात आधी उमटवून पाहिले, तर डाग उठला. रेघ नाही. लगबगने पुन्हा दाबला, पुन्हा डाग. तिसऱ्यांदाही तेच. तिने घड्याळ पाहिले आणि मला खणकन टेबलावर आपटले. "गेला हा पॅड कामातून. वाळलाय."

"हो ताई," भिंगरी घाईघाईने म्हणाली. "पॅडच वाळलाय." आणि तिने अंगठा पुन्हा मुठीत घेतला.

मला तेव्हा किती तळमळ झाली म्हणून सांगू. तो गवंडी आता इथे असता तर किती बरे झाले असते. माझ्या अंगावरून नुकतीच नऊ बोटे स्वच्छ उमटून गेली होती, ती त्याच कागदावर समोर होती, आणि तरी कुणी ती पाहत नव्हते.

पुढे जे झाले ते असे की, लगबगने क्षणभर ओठ चावला, भिंगरीचा डावा अंगठा पुन्हा माझ्यावर टेकवला आणि पहिल्या रकान्यात उमटवला.

"ताई, हा डावा आहे," भिंगरी म्हणाली.

"अंगठा तो अंगठा. कोण बघतंय?"

भिंगरी खुदकन हसली. दोघींचे गुपित झाले. पण दोघींचे गुपित एकच नव्हते, हे फक्त मला ठाऊक होते. लगबग गठ्ठा घेऊन धावली आणि जाता जाता तिने मला कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मामांनी डबा उचलला तेव्हा मी त्यांना दिसलो. त्यांनी मला बाहेर काढले, बोट लावून पाहिले, बोट जांभळे झाले तसे ते स्वतःशीच म्हणाले, "आजकालच्या पोरांना दमच नाही." आणि मला मोठ्या मॅडमच्या खोलीतल्या खिडकीत ठेवून दिले.

तिथे मी दोन दिवस बसून होतो. झोप नाही, चैन नाही. मॅडम रोज थोडे थोडे कागद भिंगाखाली धरत. पहिले एकोणचाळीस कागद गेले. चाळिसाव्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी भिंग पहिल्या रकान्यावर धरले, मग डाव्या अंगठ्याच्या सहाव्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. आणि लगबगला बोलावून घेतले.

"या मुलीच्या दोन्ही अंगठ्यांना टोकयंत्र लागलंय का गं?" त्यांनी विचारले. "एकाच जागी, एकाच मापाचं?"

लगबगचा चेहरा उतरला. तिने जे होते ते सांगून टाकले. उजवा अंगठा उमटेना, वेळ झाला होता, पॅड वाळलेला होता.

मॅडम रागावतील असे मला वाटले होते. पण त्यांनी मामांना हाक मारली. मामांनी मला खिडकीतून उचलून त्यांच्यासमोर ठेवले. मॅडमनी आपला अंगठा माझ्यावर टेकवला आणि कोऱ्या कागदावर दाबला. मी जीव ओतून उमटलो. गोल गोल चक्र, एकेक रेघ मोजून घ्यावी अशी.

"पॅडला काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी कधीचं म्हणतोय," मामा म्हणाले. खरे तर ते कुणालाच म्हणाले नव्हते.

मॅडमनी प्रश्नांचा गठ्ठा पुढे ओढला आणि त्यातून लगबगचाच कागद काढला. "तू एकशेवीस जणांना विचारलंस, बोटांवरून निदानाला मदत होते हे माहीत आहे का. स्वतः 'हो' लिहिलंस. काय पाहतात, तेही लिहिलंस. आणि एका मुलीचा अंगठा तुला तीन वेळा काहीतरी सांगत होता, तेव्हा तू दुसराच अंगठा घेतलास. ज्या मुलीचे दात पुढे येतात, तिच्या तोंडात बघण्याआधी तिच्या हातांकडे बघायचं असतं. हे तू शिकली नव्हतीस का?"

लगबगने तो डागाळलेला कागद जवळ ओढला. तीन डाग तिने कोपऱ्यात खोडून ठेवले होते. मग ती हळूच म्हणाली, "तिची पट्टी निकामी ठरली ती म्हणूनच?"

"विचार तिला. पण आईसमोर नको. आणि रागावून तर नकोच."

पुढच्या आठवड्यात भिंगरी तारेसाठी आली. आई फाइल मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसली आणि घड्याळ पाहू लागली. आत लगबगने भिंगरीला खुर्चीवर बसवले, पण दिवा लावला नाही. स्वतः स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. इतक्या दिवसांत मी तिला बसलेले पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारच्या ट्रेवर, उघड्या झाकणाचा मी होतो.

"मागच्या वेळी मी लबाडी केली," लगबग म्हणाली. "तुझा डावा अंगठा उजव्याच्या जागी लावला. पकडली गेले. हा कागद बाद झाला, आणि बाकीचे एकोणचाळीस मला पुन्हा तपासायला लावलेत."

भिंगरीचे लोंबणारे पाय हलायचे थांबले. "मॅडम ओरडल्या?"

"नाही ओरडल्या. तेच जास्त वाईट वाटलं." मग लगबगने माझ्याकडे बोट दाखवले. "आणि मी या बिचाऱ्याला वाळलेला म्हटलं. तो वाळलेला नव्हता."

"मला माहीत होतं," भिंगरी अगदी बारीक आवाजात म्हणाली.

पलीकडच्या खुर्च्यांवर यंत्रांची सूं सूं चालू होती. मग भिंगरीने विचारले की बोटांवर असे लिहिलेले असते का, की एखाद्याचे दात कायमचे बाहेरच राहणार. लगबगने तिला सांगितले की बोटांवर असले काही लिहिलेले नसते. रेघा जन्माआधीच्या असतात आणि त्या फार तर एखादा सुगावा देतात. पण तो घट्टा आणि ती फुगलेली कातडी जन्माआधीची नाही. ती रोजची आहे. आणि जे रोजचे असते ते बदलता येते.

तेव्हा भिंगरी बोलली. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत घरात कुणी नसते. ती पुस्तक घेऊन बसते. घड्याळ तेवढे वाजत असते. "मी मुद्दाम नाही घालत, ताई. माझं लक्ष जातं तेव्हा तो आधीच आत असतो. पट्टी अडते म्हणून पट्टी काढून ठेवते. आई यायच्या आत पुन्हा लावते."

"आज तार बसवली आणि अंगठा तसाच राहिला, तर तार एका बाजूने ढकलणार आणि अंगठा दुसऱ्या बाजूने. तारेआधी आपल्याला अंगठ्याचं काहीतरी बघावं लागेल. त्याला उपाय आहेत. पण आईला कळल्याशिवाय नाही जमणार. मी सांगू, की तू सांगतेस?"

भिंगरीने अंगठा मुठीत घेतला आणि मुठीकडे बघत राहिली.

मित्रांनो, ती विचार करते आहे तोवर मला तुमच्याशी दोन शब्द बोलू द्या, कारण मग मला वेळ मिळणार नाही. मी आता जुना झालो आहे. माझे कापड झिजले आहे, बिजागरी वाकडी आहे. मला कधी ना कधी खरेच टाकून देतील, त्याचे मला काही नाही. पण एखादी वस्तू काम करेनाशी झाली, की ती टाकण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघा. बोट लावून बघा. बिघाड तिचाच आहे का, ते बघा. आणि कुठलाही रकाना, कुणी कितीही घाई केली तरी, भलत्याच ठशाने भरू नका. रिकामा राहिला तर राहू द्या. त्या रिकाम्या जागेतच कुणाची तरी हकिगत असते आणि ती ऐकायला कुणीतरी हवे असते. मी ऐकली होती. मला सांगता येत नव्हती, एवढेच.

तर मग भिंगरी खुर्चीवरून उतरली. तिने मला ट्रेवरून दोन्ही हातांनी उचलले, शाई सांडू नये म्हणून आडवे धरले, आणि दार ढकलून बाहेर गेली. लगबग तिच्या मागे दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

आई चटकन उठू लागली. "झालं इतक्यात? बसवली तार?"

भिंगरीने मान हलवली. तिने मला बाकावर ठेवले, आईच्या मांडीवरची फाइल उलटी केली आणि डावा अंगठा माझ्यावर टेकवून फाइलच्या पाठीवर दाबला. सुंदर शंख उमटला, टोकयंत्राच्या खुणेसकट. मग तिने उजवी मूठ उघडली. तो अंगठा माझ्यावर टेकला. तिने तो पहिल्या ठशाच्या शेजारी दाबला.

जांभळा डाग उठला. रेघ नाही.

आईने डागाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "पॅड वाळलाय वाटतं," ती म्हणाली.

"पॅड चांगला आहे, आई," भिंगरी म्हणाली. आणि तिने तो अंगठा आईच्या डोळ्यांसमोर धरला. या वेळी तो तिने मुठीत घेतला नाही.